१ जून १९८९: शांतिसेना परत बोलवायची का? नाशिक रोडच्या वर्गातलं एक प्रकरण

फळ्यावर मी चारच ओळी लिहिल्या. ‘आज १ जून १९८९. श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलंय की भारतीय सैन्यानं २९ जुलैच्या आत देश सोडावा. दिल्लीत बैठक आहे. तुम्ही त्या बैठकीत आहात.’

वर्ग नाशिक रोडला, बिटको चौकातून आत आलं की एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. दर दुसऱ्या रविवारी आम्ही एक प्रकरण घेतो. चौदा मुलं-मुली, निम्मी एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या तयारीतली, बाकीची एमपीएससीची. नियम एकच: फळ्यावरच्या तारखेनंतर घडलेलं काहीही बोलायचं नाही. म्हणून मोबाइल आधीच चिवड्याच्या रिकाम्या डब्यात जमा. त्या दिवशी शेवटच्या बाकावर देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार बसले होते. तोफखान्यातले, शांतिसेनेत, म्हणजे १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय सैन्यात, जाऊन आलेले. नाव देत नाही, त्यांनाच नको आहे. पहिलं मतदान होईपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी बोली होती. त्यांनी ती पाळली, मध्ये दोनदा खाकरले तेवढंच.

परदेशातल्या लांबलेल्या युद्धातून सैन्य काढावं का, असं विचारलं की मुलं लगेच अमेरिकेवर जातात. ऑगस्ट २०२१, काबूलचा विमानतळ, धावत्या विमानाला लटकलेली माणसं. दुसऱ्याच्या घरचा तमाशा बघताना मत द्यायला काही लागत नाही. आपणही एकदा त्याच जागी उभे होतो, हे फार थोड्यांना आठवतं. निदान नाशिककरांना आठवायला हवं. एका अंगाला नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, दुसरीकडे देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी. रेंजवर फायरिंग असलं की आजूबाजूच्या गावांत फडताळातली भांडी वाजतात. एवढं सैन्य उशाशी असून श्रीलंकेतली आपली लष्करी मोहीम, ‘ऑपरेशन पवन’, म्हणजे काय, हे चौदातल्या तिघांनाच माहीत होतं.

त्या बैठकीत बसणाऱ्याला काय ठाऊक होतं, ते आधी मांडतो.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळबहुल उत्तर आणि पूर्व प्रांतांना अधिकार द्यायचे, लढणाऱ्या तमिळ संघटनांनी ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवायची, आणि या सगळ्याला भारत जामीन. त्रिंकोमालीचं बंदर भारताच्या हिताविरुद्ध कुणा परक्या लष्कराला वापरू द्यायचं नाही, हेही सोबतच्या पत्रांत लिहून घेतलं होतं; दिल्लीचा अर्धा जीव तिथे अडकला होता. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. खांद्यावर निभावलं. पण पाहुणा नकोसा आहे हे त्या देशातल्या एका मोठ्या गटानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

एलटीटीईनं, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या ‘तमिळ टायगर्स’नी, करारावर सही केलीच नव्हती. थोडी शस्त्रं दिली, बाकीची पुरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं त्यांची सतरा माणसं समुद्रात पकडली. त्यांना कोलंबोला नेण्याचं ठरलं तेव्हा त्यांनी सायनाइड खाल्लं, बारा जण मेले, आणि त्याच आठवड्यात शांतता राखायला गेलेलं सैन्य लढाईत उतरलं. मोहिमेची वरची सूत्रं तेव्हा पुण्याच्या दक्षिण कमांडकडे होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. शहर ताब्यात यायला दोन आठवडे लागले. त्याच महिन्यात, २१ तारखेला, जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण आणि कर्मचारी मेले. हे मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सुभेदार साहेब खिडकीबाहेर बघत होते. ज्या तमिळांना वाचवायला गेलो त्यांच्याच घरात आपल्याबद्दल दहशत बसली, हे वगळून हे प्रकरण शिकवता येत नाही.

पुढे सैन्य वाढत वाढत चार डिव्हिजनवर गेलं. आपल्या जवानाच्या हातात एकेक गोळी झाडणारी एसएलआर रायफल, समोरच्या पोराच्या हातात सलग गोळ्या झाडणारी एके-४७. वाटेवर सुरुंग. जून १९८९ पर्यंत आपले मेलेले हजाराच्या घरात पोचले होते.

तिकडे दक्षिणेत सिंहली तरुणांच्या जनता विमुक्ती पेरामुनानं बंड पुकारलं होतं आणि त्या बंडाचं सरपण होतं भारतीय सैन्याची हजेरी. भारतीय माल घेऊ नका, असा त्यांचा हुकूम होता. इथे निफाडची एक विद्यार्थिनी पटकन म्हणाली, “सर, आमचा कांदा तिकडे बॉम्बे ओनियन म्हणून ओळखतात. पप्पा सांगतात.” तिच्या वडिलांचा लासलगावला व्यापार आहे. बरोबरच आहे ते. मोठ्या कांद्याला श्रीलंकेत आजही तेच नाव आहे. परराष्ट्र धोरण लिलावाच्या ओट्यापर्यंत कसं येतं हे मला वेगळं समजावावं लागलं नाही.

डिसेंबर १९८८ च्या निवडणुकीत प्रेमदासा निवडून आले ते भारतीय सैन्याला घरी पाठवीन असं सांगूनच. मे १९८९ मध्ये त्यांनी कोलंबोत एलटीटीईशी बोलणी सुरू केली. म्हणजे आपण ज्यांच्याशी लढत होतो, त्यांना यजमान हॉटेलात उतरवून चहा पाजत होता. आणि मग १ जूनचं ते भाषण.

पहिलं मतदान घेतलं. अटी पूर्ण होईपर्यंत थांबा: नऊ. ताबडतोब निघा: चार. एक चिठ्ठी कोरी.

नऊ जणांचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. पहिला पाय मेलेल्यांचा. एसएसबीवाला एक मुलगा उभाच राहिला. “सर, मेजर परमेश्वरन. महार रेजिमेंटची आठवी बटालियन. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं. परमवीर चक्र आहे. आता निघालो तर ते कशासाठी गेले?” २५ नोव्हेंबर १९८७ ची ती गोष्ट खरी आहे. परमेश्वरन जन्मानं मुंबईकर. वर्ग गप्प झाला. या प्रश्नाला आकडेवारीनं उत्तर देणारा माणूस मला तरी आवडत नाही.

बोली संपली होती, म्हणून मी मागे बघितलं. सुभेदार साहेब बसूनच बोलले. “बाळा, एक पडला की त्याची बॉडी आणायला लगेच धावायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं. कारण ते वाटच बघत असतात. एकाला आणायला जाता आणि आणखी दोन पडतात. आधी फायर कव्हर, मग बॉडी. बॉडी सोडायची नाही, पण धावायचंही नाही.” मग थोडं थांबून, “दिल्लीत हे कुणी शिकवत नसेल.”

मुलगा खाली बसला. पटलं म्हणून की समोर कोण बोलतंय म्हणून, ते सांगता येत नाही. मला मात्र त्या बोलण्यात आणखी एक गोष्ट सापडली. आधी खर्च झालेलं रक्त हे पुढच्या खर्चाचं कारण धरलं, तर युद्ध जितकं वाईट चालेल तितकं ते थांबवणं अवघड होत जातं. वाईट चालणं हाच मुळात थांबवण्याचा इशारा असतो. सट्ट्यात बुडालेला माणूस नेमकं हेच करतो, आणि त्याला आपण शहाणा म्हणत नाही.

दुसरा पाय जास्त मजबूत होता, आणि प्रकरणाचा खरा गाभा तिथे आहे. एमपीएससीच्या एका मुलीनं कराराचा मजकूर नीट वाचला होता. ती म्हणाली, “आपण गॅरंटी दिलीय. तमिळांना अधिकार मिळाले नाहीत आणि आपण निघालो, तर शब्द मोडला.” खरं आहे. त्या करारात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक: भारत या तोडग्याची हमी घेईल. दोन: गरज पडली तर श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला बोलावू शकतील. हमी आपल्या नावावर, निमंत्रण त्यांच्या हातात. १९८७ मध्ये दोन्ही एकाच दिशेला बघत होत्या, म्हणून कुणाला खटकलं नाही. अध्यक्ष बदलला आणि दोन्हींनी एकमेकींकडे पाठ फिरवली.

मग जामीनदारानं करायचं काय? गावातलं उदाहरण घेतलं. तुम्ही मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात. मित्र मेला, मुलगा म्हणतो मला हे कर्जच मान्य नाही, आणि आमच्या ओट्यावरून उतरा. कर्जाची जबाबदारी तुमच्यावर राहते. पण त्याच्या ओट्यावर बसण्याचा हक्क राहत नाही. बसून राहिलात तर उद्या सगळा गाव त्याच्या बाजूनं होईल, ज्यांच्यासाठी जामीन राहिलात तेसुद्धा. राजीव गांधींच्या सरकारनं प्रेमदासांना कळवलं ते थोडक्यात असं, की माघारीचं वेळापत्रक आणि तमिळांची सुरक्षा, अधिकारवाटप हे एकत्र ठरवू. वकिली दृष्टीनं चोख उत्तर. पण परक्या भूमीवरच्या सैन्याला वकिली युक्तिवाद चिलखतासारखा घालता येत नाही. यजमानानं जाहीरपणे ‘जा’ म्हटल्यावर प्रत्येक चौकीवरचा जवान दुसऱ्या दिवसापासून घुसखोर ठरतो, हमीचं कलम कितीही भक्कम असो.

त्यात दिल्लीत निवडणूक जवळ आलेली. पराभव कबूल केल्यासारखं दिसू नये, हा विचार कुणी कागदावर लिहिला नसेल. नव्हता असं मानणं मात्र भोळेपणा आहे.

‘ताबडतोब निघा’वाल्या चौघांतला एक हुशार निघाला. त्यानं नियमात बसणारं उदाहरण शोधलं: सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून १५ फेब्रुवारी १९८९ ला, म्हणजे फळ्यावरच्या तारखेच्या साडेतीन महिने आधी बाहेर पडलं होतं. शेवटचा जनरल अमू दर्यावरचा पूल चालत ओलांडून गेला. “त्यांनी नऊ वर्षं लावली, आपण दोनच वर्षांत शहाणे होऊ.” वर्गात हशा पिकला. पण या उदाहरणाचा दुसरा भाग त्याला नियमामुळे बोलता येत नव्हता, म्हणून तो मी इथे लिहितो. मागे ठेवलेलं नजीबुल्लांचं सरकार लगेच कोसळेल असं सगळे म्हणत होते. ते एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं, कारण रणगाडे गेले तरी पैसा, गहू आणि दारूगोळा येत राहिला. सोव्हिएत संघ बुडाला, रसद आटली आणि मगच ते सरकार पडलं. सैन्य काढणं आणि हात काढून घेणं या दोन गोष्टी आहेत, आणि श्रीलंकेत आपण त्यांची गल्लत केली.

मधल्या सुटीत चहा आला. मग नियम उठवला, डबा उघडला, आणि पुढे काय झालं ते मांडलं.

२९ जुलै उलटून गेला, सैन्य तिथेच. १८ सप्टेंबर १९८९ ला दोन्ही सरकारांत समझोता झाला: आपण लढाई थांबवायची आणि डिसेंबरअखेर निघण्याचा प्रयत्न करायचा. नोव्हेंबरात राजीव गांधी निवडणूक हरले. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले आणि त्यांनी माघार पुरी केली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. एकूण साडेअकराशेच्या आसपास जवान मेले, तीन हजारांच्या घरात जखमी. मद्रासच्या बंदरावर परतणाऱ्या सैन्याच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. मुलांना याचाच सर्वांत जास्त राग आला, आणि तो राग मला समजतो. पण तमिळनाडूतही त्या सैन्यावर राग होता, आणि त्याचं कारण जाफना रुग्णालयाच्या परिच्छेदात आधी येऊन गेलंय.

प्रेमदासांनी दरम्यान काय केलं? भारतीय सैन्याशी लढायला एलटीटीईला शस्त्रं पुरवली. ज्यांना पुरवली, त्यांच्याच आत्मघातकी हल्लेखोरानं १ मे १९९३ ला त्यांना ठार मारलं. राजीव गांधी त्याच्या दोन वर्षं आधी, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईच्याच हल्ल्यात मारले गेले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण घेतो, ती. १९८८ च्या अखेरीस उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली आणि ईपीआरएलएफ या आपल्या मर्जीतल्या संघटनेचे वरदराज पेरुमाल मुख्यमंत्री झाले. हा प्रांत म्हणजे आपल्या हमीचा एकुलता एक दाखवण्याजोगा पुरावा. आपण निघाल्यावर तो उभा कसा राहणार? उत्तर म्हणून शेवटच्या महिन्यांत घाईघाईनं ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी केली. घाई म्हणजे किती, तर ईपीआरएलएफची माणसं रस्त्यावरून, शिकवणीवरून पोरं उचलून नेत होती. काही आठवड्यांचं प्रशिक्षण, हातात बंदूक, अंगावर गणवेश. आपल्या तुकड्या एकेका जिल्ह्यातून मागे सरकल्या तशी एलटीटीई पुढे आली आणि ही सेना पत्त्यांसारखी पडली. कित्येक मारले गेले, कित्येक शरण आले आणि मारले गेले. मार्च १९९० मध्ये पेरुमाल यांनी स्वतंत्र ईलमची, म्हणजे वेगळ्या तमिळ देशाची, घोषणा करून टाकली आणि भारतात निघून आले. पुढे कित्येक वर्षं ते इथेच संरक्षणात राहिले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांना सहकाऱ्यांसह १९ जून १९९० ला मद्रासमध्ये गाठून मारलं. तोवर श्रीलंका सरकार आणि एलटीटीई यांचीही मैत्री संपली होती आणि युद्ध पुन्हा पेटलं, ते मे २००९ पर्यंत.

माझं मत सरळ सांगतो. माघार बरोबर होती. थांबण्याचा आधार प्रेमदासा निवडून आले त्या दिवशीच ढिला झाला होता आणि १ जूनला उरला नाही. ‘आणखी सहा महिने राहिलो असतो तर एलटीटीई संपली असती’ असं म्हणणारे निवृत्त अधिकारी आहेत. लष्करी हिशेबानं ते बरोबर असतीलही. पण त्यांच्या हिशेबात यजमान धरलेला नाही, जो मागच्या दारानं त्याच शत्रूला बंदुका देत होता. असल्या भांड्यात पाणी भरत राहण्यात अर्थ नव्हता.

चूक निघण्यात नव्हती, निघताना कुणाच्या हातात काय ठेवलं त्यात होती. प्रेमदासांनी तारीख दिली तेव्हापासून शेवटची तुकडी निघेपर्यंत नऊ-दहा महिने मिळाले, त्यांतले पहिले साडेतीन दिल्लीनं तारखेच्या घासाघिशीत घालवले. तो वेळ पूर्णपणे दुसऱ्या कामाला, एक यादी करायला, लावता आला असता: आपल्याशी उघडपणे जोडले गेलेले लोक किती, त्यांतल्या कुणाला समुद्र ओलांडून आणावं लागेल, त्यांची घरं कुठे असतील. काहींना जहाजानं आणलंही, पण शेवटी, धावपळीत. त्याऐवजी बहुतेक शक्ती गेली ती निघण्याच्या लाजेवर पांघरूण म्हणून एक सेना उभी करण्यात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तुम्ही तुमच्या गणवेशासारखा गणवेश घालता, तेव्हा त्याच्या गावात त्याची परतीची वाट बंद होते. तुमची जहाजं बंदरात उभी असतात, त्याचं घर शत्रूच्या दारात. काबूलच्या विमानतळावर दुभाषे कागद हलवत उभे होते, ती हीच गोष्ट.

हे बोलून झाल्यावर मी सुभेदार साहेबांना विचारलं, तुम्ही अशी मुलं पाहिली का. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्रिंकोमालीच्या बाजूला त्यांच्या कॅम्पच्या गेटशी एक पोरगा वडे विकायला यायचा. नाव त्यांना कधीच कळलं नाही. सगळे ‘तंबी’ म्हणायचे, धाकटा भाऊ. हिंदी शिकला होता, शिव्यांसकट. एक दिवस वडे आणायचा बंद झाला आणि पंधरवड्यानं गेटवर आला तो गणवेशात. “शर्ट त्याच्यापेक्षा मोठा. बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी म्हटलं, अरे, वडे कोण विकणार आता? हसला. मला सॅल्यूट केला, चुकीचा. मी हात धरून नीट करून दाखवला, असा.” सुभेदार साहेबांनी हवेत हात नेला, पंजा भुवईशी टेकवला, कोपर सरळ केलं, आणि हात तसाच खाली आला.

“मग?” निफाडची मुलगी.

“मग काय. आमची मूव्हमेंट ऑर्डर आली. कोतातली हत्यारं मोजली, तोफा मोजल्या, बोल्टपर्यंत सगळं बरोबर भरलं. साइन केलं, जहाजावर चढलो.”

दुसरं मतदान घेतलं. निघा: अकरा. थांबा: दोन, त्यांत परमेश्वरनवाला मुलगा होताच, आणि मला ते बरं वाटलं, त्यानं कारण बदललं होतं, आता तो हमीच्या कलमावर उभा होता. एका चिठ्ठीवर कौल नव्हता, फक्त प्रश्न होता: ‘यादी कोण करणार?’

ती चिठ्ठी फळ्याच्या कडेला चिकटवून ठेवली आहे. पुढच्या वेळी तारीख तीच ठेवणार आहे, फक्त बैठक दिल्लीतली नसेल, त्रिंकोमालीच्या जेट्टीवरची असेल.